निकोलाउस फॉन कूस: कौन्सिल सोडून पोपकडे गेलेला बिशप संधिसाधू होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधराव्या शतकातला जर्मन धर्मपंडित निकोलाउस फॉन कूस याने १४३३ मध्ये बाझलच्या कौन्सिलच्या, म्हणजे पोपपेक्षा आपला अधिकार मोठा म्हणणाऱ्या धर्मसभेच्या, बाजूने मोठा ग्रंथ लिहिला. १४३७ मध्ये तो पोपच्या गोटात गेला. पुढे कार्डिनल (पोपच्या खालचा सर्वोच्च धर्माधिकारी) झाला, ब्रिक्सनचा बिशप झाला आणि तिथे सुधारणा रेटताना तोंडघशी पडला. मग प्रबंधात ‘तत्त्व विकून पद मिळवलेला माणूस’ असं लिहिलं तर टिकेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर-मध्ययुगीन युरोपातल्या चर्चचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि जर्मन बिशपांच्या निवडणुका, तंटे, तहनामे वाचणं हेच माझं मुख्य काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या वाक्यातलं ‘विकून’ टिकणार नाही. विसंगती आहे हे मात्र खरं, आणि ती मोठी आहे. फक्त ती तुम्ही १४३७ मध्ये शोधता आहात आणि माझ्या मते ती १४५० मध्ये आहे. हे कसं, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी एक गोष्ट कबूल करू. ‘संधिसाधू’ म्हणजे काय, यावर बरंच अवलंबून आहे. पक्ष बदलल्यावर ज्याचं भलं झालं तो संधिसाधू, अशी व्याख्या धरली तर निकोलाउस त्यात बसतोच. पण मग त्या पिढीतले निम्मे विद्वान बसतील. लाभ डोळ्यांसमोर ठेवून मत बदललं, अशी व्याख्या धरली तर तारखा पाहाव्या लागतात. दुसरं म्हणजे तुम्ही साक्षीदार कोण निवडता. ग्रेगोर हाइमबुर्ग हा न्युर्नबेर्गमध्ये नाव कमावलेला कायदेपंडित नंतर त्याचा हाडवैरी झाला. एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी, म्हणजे पुढचा पोप पायस दुसरा, त्याचा मित्र. दोघांनीही भरपूर लिहून ठेवलं आहे आणि दोघांनाही आपापली बाजू मांडायची होती. एकट्या हाइमबुर्गवर विसंबलात तर प्रबंध एकांगी होईल, एकट्या पिकोलोमिनीवर विसंबलात तरी तेच.

आता त्या काळातला जर्मन बिशप म्हणजे काय, हे डोक्यात पक्कं करा. तो धर्मगुरू होता आणि साम्राज्याचा संस्थानिकही होता. त्याच्याकडे किल्ले, जकातनाके, न्यायालयं, खाणींवरचे हक्क असत. त्याची निवड कॅथेड्रलच्या कॅननांचं, म्हणजे तिथे नेमलेल्या वरिष्ठ पाद्र्यांचं, मंडळ करी आणि त्या मंडळात बहुधा आसपासच्या सरदार घराण्यांची मुलं असत. मान्यता पोप देई आणि त्याबद्दल पैसे घेई. राजसत्तेचे अधिकार सम्राट बहाल करी. आणि शेजारचा ड्यूक किंवा काउंट आपलाच माणूस तिथे बसावा म्हणून टपलेला असे. एक जागा रिकामी झाली की इतके हात पुढे येत. म्हणून कुठल्याही बिशपची कारकीर्द वाचताना मी त्याच्या धर्मशास्त्राकडे नंतर वळतो. आधी पाहतो की त्याला निवडलं कुणी, मान्यता कुणी दिली, आणि निवडीच्या दिवशी किल्ल्यांच्या किल्ल्या कुणाच्या हातात होत्या.

निकोलाउसच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिळवा. तो सरदार घराण्यातला नव्हता. मोझेल नदीकाठच्या कूस गावात १४०१ मध्ये त्याचा जन्म झाला. बाप योहान क्रेब्स नदीवर मालवाहतूक करणारा, खाऊनपिऊन सुखी व्यापारी. मुलगा हायडेलबेर्गला शिकला, मग पादुआला गेला आणि १४२३ मध्ये चर्चच्या कायद्याचा डॉक्टर होऊन परतला. पादुआत त्याला जुलिआनो चेझारिनी हा शिक्षक भेटला, जो पुढे बाझलच्या कौन्सिलचा अध्यक्ष झाला. म्हणजे घराणं नसलेला, पण जुने दस्तऐवज वाचण्यात पटाईत असलेला हा वकील. जुन्या ग्रंथसंग्रहांतून हस्तलिखितं हुडकून काढण्याचा त्याला नाद होता. रोमन नाटककार प्लाउटुसच्या विस्मृतीत गेलेल्या १२ विनोदी नाटकांचं हस्तलिखित त्यानेच शोधलं. हा नाद पुढे राजकारणात उतरला, म्हणून तो लक्षात ठेवा.

पहिला मोठा खटला ट्रियरचा. तिथला आर्चबिशप ओटो फॉन त्सीगेनहाइन फेब्रुवारी १४३० मध्ये वारला. निकोलाउस त्याच्याच पदरी होता. कॅननांच्या मंडळात फूट पडली. बहुमत याकोब फॉन झिर्ककडे होतं, अल्पमत उलरिख फॉन मांडरशाइडकडे. पोप मार्टिन पाचवा याने दोघांनाही बाजूला सारलं आणि श्पायरचा बिशप राबान फॉन हेल्मश्टाट याला परस्पर नेमलं. त्यावर याकोबने माघार घेतली, मंडळ उलरिखच्या मागे उभं राहिलं आणि उलरिखने पोपचा निर्णय मानायला नकार दिला. त्याच्यावर धर्मबहिष्कार आला, तरी तो जागा सोडेना. १४३२ च्या फेब्रुवारीत निकोलाउस बाझलच्या कौन्सिलमध्ये दाखल झाला तो याच उलरिखचा वकील म्हणून. तुमच्या टिपणात हा तपशील नाही आणि तो असायलाच हवा. निकोलाउस कौन्सिलकडे प्रथम गेला तो अशिलाचं गाऱ्हाणं घेऊन, कारण पोपविरुद्ध दाद मागायला दुसरी जागाच नव्हती.

त्याचा युक्तिवाद काय होता? ज्यांच्यावर सत्ता चालवायची त्यांची संमती नसेल, तर वरून लादलेला धर्माधिकारी वैध ठरत नाही. हेच बीज १४३३ मध्ये ‘दे कॉन्कॉर्दान्तिया काथोलिका’ या ग्रंथात फोफावलं. सगळी माणसं स्वभावतः स्वतंत्र आहेत, म्हणून कुठलाही कायदा आणि कुठलाही अधिकार संमतीतूनच येतो, अशी त्याची मांडणी आहे. त्याच ग्रंथात त्याने कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राचीही झाडाझडती घेतली. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिलं, असं सांगणारा हा दस्तऐवज. आपण जुनी पुस्तकं चाळली, त्या काळच्या लेखकांत याचा कुठेही उल्लेख नाही, असं सांगून त्याने तो विश्वासार्ह नसल्याचा निर्वाळा दिला. इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाची या दानपत्राची प्रसिद्ध चिकित्सा त्यानंतर काही वर्षांनी, १४४० मध्ये आली. वकिली कसब आणि हस्तलिखितांचा नाद एकत्र आले की काय होतं, त्याचा हा उत्तम नमुना आहे, आणि मला हा भाग शिकवताना आजही तितकाच आनंद होतो.

मे १४३४ मध्ये बाझलने निकाल दिला तो राबानच्या बाजूने. ज्या कौन्सिलच्या थोरवीसाठी निकोलाउस लिहीत होता, त्याच कौन्सिलने त्याचा खटला फेटाळला. काही अभ्यासक इथे बोट ठेवून म्हणतात की राग धरून तो फिरला. मला तारखा जुळत नाहीत. तो आणखी तीन वर्षं बाझलमध्ये टिकून होता. बोहेमियाच्या हुसवाद्यांशी (यान हुसच्या बंडखोर अनुयायांशी) वाटाघाटींत तो होता, कौन्सिलच्या अध्यक्षपदाच्या वादात त्याने मत लिहून दिलं, १४३६ मध्ये पंचांगसुधारणेचा आराखडा मांडला. रागावलेला माणूस इतकं काम करत बसत नाही. निघूनच जातो.

मग १४३७ मध्ये काय झालं? कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट तुर्कांच्या भीतीने पश्चिमेच्या चर्चशी ऐक्य करायला तयार होता. प्रश्न होता ऐक्याची सभा कुठे भरवायची हा. बाझलमधलं बहुमत म्हणत होतं, बाझल, नाहीतर आव्हिन्यों, नाहीतर सव्हॉय. अल्पमत म्हणत होतं, इटलीतलं शहर, जिथे पोप येईल आणि ग्रीकही, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चचे लोकही, यायला राजी होतील. ७ मे १४३७ रोजी बाझलच्या कॅथेड्रलमध्ये दोन्ही पक्षांनी आपापला ठराव एकाच वेळी, एकमेकांवर आवाज चढवून वाचला. हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. एकच सभा, एकच छप्पर, दोन वाचक आणि पवित्र आत्म्याच्या नावाने निघालेले दोन परस्परविरोधी निर्णय. निकोलाउस अल्पमतात होता. पुढे अल्पमताच्या ठरावावर कौन्सिलची मोहर गुपचूप उमटवली गेली आणि त्याच ठरावाच्या बळावर तो दोन बिशपांसोबत पोप युजीन चौथा याच्याकडे आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला गेला. मोहरेचं प्रकरण त्याच्या पक्षाला शोभणारं नाही. ते प्रबंधात झाकू नका.

पण त्याच्या ग्रंथात डोकावून पाहा. त्याने कौन्सिलला मान दिला तो डोकी मोजून बहुमत होतं म्हणून नाही. एकमत हीच पवित्र आत्मा हजर असल्याची खूण, असं तो लिहितो. जितका मतैक्याचा भाग मोठा, तितका निर्णय भरवशाचा. ज्या सभेत दोन ठराव एकमेकांवर ओरडून वाचले जातात, ती त्याच्याच कसोटीवर उतरत नाही. शिवाय संमती ग्रीकांचीही हवी होती आणि ग्रीकांचा कल इटलीकडे होता. पोपकडची जहाजं सप्टेंबर १४३७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पोचली. बाझलची जहाजं ऑक्टोबरात आली. सम्राट योहान आठवा आणि ग्रीक चर्चचा प्रमुख पॅट्रिआर्क योसेफ पोपच्या जहाजांत बसले. म्हणून मी म्हणतो, १४३७ मध्ये त्याने पक्ष बदलला. संमतीचा सिद्धांत सोडला असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. त्या घडीला पोपचा पक्ष जिंकणार हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. उलट १४३९ मध्ये बाझलने युजीनला पदच्युत करून सव्हॉयच्या ड्यूक आमाडेउसला फेलिक्स पाचवा म्हणून पोप केलं आणि जर्मन राजे-बिशपांनी मार्च १४३८ मध्येच तटस्थता जाहीर केली होती. लाभ हवा असलेल्या माणसाने तेव्हा कुंपणावर बसणं शहाणपणाचं होतं.

तो कुंपणावर बसला नाही. पुढची जवळपास दहा वर्षं माइन्त्स, फ्रांकफुर्ट, न्युर्नबेर्ग अशा राजसभांमधून तो युजीनची बाजू लढवत फिरला. पिकोलोमिनी तेव्हा बाझलच्या बाजूला होता, आणि त्याने निकोलाउसला युजीनपक्षाचा हर्क्युलिस म्हटलं. समोरच्याने दिलेली ही पावती आहे. (पिकोलोमिनीही नंतर पक्ष बदलून पोप झाला, पण तो वेगळ्या उत्तराचा विषय.) १४४६ मध्ये युजीनने कोलोन आणि ट्रियर इथल्या दोन आर्चबिशपांना पदावरून काढलं, तेव्हा सगळे इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे-बिशप) बिथरले आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीवर पाणी पडायची वेळ आली. शेवटी सौदा जुळला. फेब्रुवारी १४४८ मध्ये सम्राटपदाची वाट पाहणारा राजा फ्रीडरिख तिसरा आणि पोप निकोलस पाचवा यांच्यात व्हिएन्नाचा करार झाला, आणि पुढच्याच वर्षी फेलिक्सने पद सोडलं.

या कराराचं एक कलम तुमच्या प्रबंधाचा कणा ठरू शकतं. बिशपांची निवड कॅननांच्या मंडळानेच करायची, पोपने ती मान्य करायची. मात्र सबळ आणि उघड कारण असेल आणि कार्डिनलांचा सल्ला असेल, तर पोप अधिक योग्य माणूस नेमू शकतो. निवडणूक आहे, पण मागचं दार उघडं आहे. त्या दारातून दोन वर्षांत कोण आत आलं ते पुढे पाहू.

डिसेंबर १४४८ मध्ये निकोलाउस कार्डिनल झाला, रोममधलं सान पिएत्रो इन व्हिंकोली हे चर्च त्याला मिळालं. जर्मन कार्डिनल ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट, आणि व्यापाऱ्याचा मुलगा कार्डिनल होणं त्याहून. ऑक्टोबर १४४९ मध्ये त्याने कूसला एक छोटं आत्मवृत्त लिहवून घेतलं. त्याचा रोख असा की रोमचं चर्च जन्म आणि कूळ पाहत नाही, गुणांना भरभरून बक्षीस देतं, हे सगळ्यांना कळावं. या चार ओळी मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. जर्मन कॅननांच्या मंडळांत सरदारांच्या मुलांसमोर ज्याला कायम कमी लेखलं जाईल, अशा माणसाला रोम हे वर जाण्याचं खुलं दार वाटलं, हे त्यातून कळतं. तो पोपच्या बाजूला का रमला याचं हे माणसाला पटणारं कारण आहे आणि त्यात लबाडी नाही.

इथवरचा हिशेब असा: ट्रियरने त्याला संमतीचा सिद्धांत दिला, बाझलच्या भांडणाने कौन्सिलवरचा विश्वास उडवला, आणि रोमने त्याच्या गुणांना जागा दिली. आता ब्रिक्सन.

ब्रिक्सन हे आल्प्समध्ये, ब्रेनर खिंडीच्या वाटेवर, आजच्या इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये आहे. जर्मनी-इटली व्यापाराचा हा मुख्य रस्ता आणि आसपास चांदीच्या खाणी. टिरोलवर राज्य करणारा ड्यूक झिगमुंड त्या चांदीवर श्रीमंत झाला. फेब्रुवारी १४५० च्या अखेरीस तिथली बिशपची जागा रिकामी झाली. मंडळाने १४ मार्चला झिगमुंडच्या मर्जीतला लेओनहार्ट व्हीसमायर याला निवडलं. २३ मार्चला पोपने ती निवड डावलून निकोलाउसला नेमलं. आता ट्रियरशी ताडून पाहा. मंडळाने एकाला निवडलं, पोपने परस्पर दुसऱ्याला बसवलं. वीस वर्षांपूर्वी निकोलाउस उलरिखचा वकील होता. आता राबानच्या जागी तो स्वतः होता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीची खरी गाठ ही आहे. संमतीवाचून सत्ता वैध नाही असं लिहिणाऱ्याने संमतीवाचून आलेली सत्ता स्वीकारली, आणि त्याची किंमत त्याने पुढची चौदा वर्षं मोजली.

ब्रिक्सनला तो लगेच गेलाही नाही. आधी मंडळाशी आणि झिगमुंडशी साल्झबुर्गला तडजोड व्हावी लागली. त्याच सुमारास पोपने त्याला जर्मन मुलखात सुधारणेसाठी दूत म्हणून धाडलं. १४५१ आणि १४५२ चा हा दौरा व्हिएन्नापासून माग्डेबुर्ग, हिल्डेसहाइम, नेदरलंड्समधल्या डेव्हेंटर, उट्रेख्टपर्यंत झाला. मठांची शिस्त, रखेली ठेवणारे पाद्री, अशा विषयांवर त्याने आदेशांवर आदेश काढले. व्हिल्सनाकला रक्ताळलेल्या प्रसादाच्या (चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या) चमत्काराने यात्रेकरूंचे लोंढे लोटत. हाले इथून त्याने अशा चमत्कारांवर बंदी घातली. यात्रा चालूच राहिली, आणि दोन वर्षांनी खुद्द पोपनेच ढील दिली. बाम्बेर्गला ज्यूंना वेगळी खूण लावण्याचा आदेशही त्याने काढला. हे त्याच्या चाहत्यांना आठवत नाही, तुम्ही विसरू नका. आणखी एक बोचणारी गोष्ट: एकाच माणसाकडे अनेक पदांची उत्पन्नं असू नयेत, असं सुधारक म्हणत; त्याच्या स्वतःकडे म्युन्स्टरमाइफेल्डसारखी अनेक होती. या पैशांतून त्याने कूसला वृद्धांसाठी आश्रम बांधला हे खरं, पण त्यामुळे प्रश्न मिटत नाही.

१४५२ च्या ईस्टरला तो ब्रिक्सनला पोचला. नुसता नावाचा बिशप होऊन रोममध्ये बसला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं, बहुतेक कार्डिनल तेच करत. हा तिथे राहिला, धर्मप्रांताच्या सभा घेतल्या, लोकांपुढे उभा राहून प्रवचनं केली. त्याची जवळपास ३०० प्रवचनं आज उपलब्ध आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक ब्रिक्सनच्या वर्षांतली. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर १४५३ मध्ये धर्माधर्मांतल्या शांततेवरचा संवादही त्याने इथेच लिहिला.

आणि इथेच त्याने जुने कागद बाहेर काढले. १०२७ मध्ये सम्राट कोनराड दुसरा याने ब्रिक्सनच्या बिशपला त्या खोऱ्यांतली काउंटची सत्ता दिली होती. निकोलाउसचं म्हणणं असं की बिशप हा मूळ धनी, टिरोलचे काउंट हे त्याच्याकडून जमीन घेतलेले रखवालदार. कागदावर त्याला आधार होता. पण चार शतकांत सत्ता कधीच टिरोलकडे सरकली होती, आणि झिगमुंडला ‘तू माझा मांडलिक’ असं ऐकवणं म्हणजे आगीत तेल ओतणं होतं. दानपत्र खोटं ठरवताना ज्या कसबाने त्याला कीर्ती दिली, त्याच कसबाने इथे त्याचा घात केला. जुना कागद खरा असला म्हणून आजची सत्ता परत मिळत नाही.

झोनेनबुर्गचं प्रकरण म्हणजे या साऱ्या संघर्षाचं छोटं रूप. पुस्टर खोऱ्यात सरदारांच्या लेकींचा बेनेडिक्टाइन मठ होता. मठाधिपती वेरेना फॉन श्टुबेन. मठाचा एनेबेर्गच्या शेतकऱ्यांशी कुरणांवरून वाद होता. मठ झिगमुंडकडे गेला, शेतकरी बिशपकडे. निकोलाउसने एकाच वेळी दोन गोष्टी रेटल्या: कुरणाचा न्याय आपणच करणार, आणि जोगिणींनी मठाची चौकट पाळून बाहेर पडणं बंद करायचं. वेरेनाच्या दृष्टीने दोन्ही मिळून एकच होतं, तिची सत्ता काढून घेणं. १४५५ मध्ये त्याने तिच्यावर धर्मबहिष्कार घातला. एप्रिल १४५८ मध्ये मठाने भाडोत्री सैनिक पाठवून शेतकऱ्यांकडून थकलेली देणी वसूल करायचा प्रयत्न केला. बिशपचा अधिकारी गाब्रिएल प्राक आणि शेतकऱ्यांनी त्यांना एनेबेर्गमध्ये गाठलं आणि डझनांनी माणसं मारली गेली. वेरेनाची बाजू तिच्या पत्रांतून वाचा. ती हटवादी होतीच, पण आपल्या मठाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क राखत होती, आणि तिच्याशी बोलून मार्ग काढता आला असता असं मला ठामपणे वाटतं.

तोवर निकोलाउस ब्रिक्सनमध्ये नव्हताच. १४५७ च्या उन्हाळ्यात इन्सब्रुकजवळ व्हिल्टेनला आपल्या जिवावर घाला येणार अशी त्याची खात्री पटली, आणि तो डोलोमाइटमधल्या आंद्राझच्या किल्ल्यात जाऊन बसला. सपाट जमिनीचा मागमूस नसलेल्या त्या खोऱ्यात, एका खडकावर उभ्या असलेल्या किल्ल्यातून तो वर्षभर धर्मप्रांत चालवत होता. कट खरा होता की त्याला तसं भासवलं गेलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. तुम्ही दोन्ही शक्यता नोंदवा. त्याने टिरोलवर धर्मविधींची बंदी घातली. बऱ्याच पाद्र्यांनी ती पाळलीच नाही. बिशपचा शब्द त्याच्याच पाद्र्यांनी डावलला, याचा अर्थ तुम्हीच लावा.

१४५८ मध्ये पिकोलोमिनी पोप पायस दुसरा झाला आणि निकोलाउसला रोममध्ये बोलावून घेतलं. तिथे त्याने चर्चच्या सर्वंकष सुधारणेचा मसुदा लिहिला, ज्यात तपासणी पोपच्या दरबारापासूनच सुरू करायची होती. तो कागदावरच राहिला. १४६० मध्ये तो पुन्हा ब्रिक्सनच्या मुलखात आला, आणि ईस्टरच्या दिवसांत ब्रुनेकच्या किल्ल्यात झिगमुंडच्या सैन्याने त्याला वेढलं. हतबल होऊन त्याने किल्ले आणि रोख रक्कम देण्याच्या अटींवर सही केली, सुटला, आणि दबावाखाली केलेली सही आपण मानत नाही असं जाहीर करून रोमला गेला. पायसने ऑगस्टमध्ये झिगमुंडवर धर्मबहिष्कार घातला. झिगमुंडच्या वतीने ग्रेगोर हाइमबुर्गने काय केलं? भावी कौन्सिलकडे अपील. पोपने जानेवारी १४६० मध्येच फतवा काढून अशा अपिलांना बंदी घातली होती. म्हणजे बाझलमध्ये ज्या मार्गाने निकोलाउसने उलरिखसाठी दाद मागितली, त्याच मार्गाने आता त्याच्याविरुद्ध दाद मागितली जात होती, आणि तो मार्ग बंद करणाऱ्या पक्षात तो उभा होता. हाइमबुर्गने हे त्याला पत्रकांतून सुनावलं, कडवट भाषेत. भाषा सोडा, मुद्दा बिनतोड होता.

तरीही ‘पदासाठी विकला गेलेला’ हे शब्द मी का वापरत नाही? पायसच्या आठवणींमध्ये १४६१ च्या अखेरचा एक प्रसंग आहे. पोपला नवे कार्डिनल नेमायचे होते, निकोलाउसचा विरोध होता. तो भडकून म्हणाला की या दरबारात चाललेलं काहीच मला रुचत नाही, कुणी आपलं कर्तव्य करत नाही, सगळे महत्त्वाकांक्षा आणि हाव यांच्या मागे आहेत, मी सुधारणेचं बोललो की हसतात, मला जाऊ द्या. आणि त्याला रडू कोसळलं. पायसने हे लिहिलं ते त्याची थोरवी गायला नव्हे, आपण त्याची समजूत कशी काढली हे सांगायला. म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतं. ज्याने फक्त पद हवं म्हणून रोम धरलं, तो साठीला पोपसमोर असा उभा राहत नाही.

११ ऑगस्ट १४६४ रोजी, तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी आन्कोनाकडे निघालेला असताना तो तोडी इथे वारला. तीनचार दिवसांत आन्कोनाला पायसही गेला. टिरोलचा तंटा त्याच महिन्यात सम्राटाच्या मध्यस्थीने मिटला. निकोलाउसचा देह रोममध्ये सान पिएत्रो इन व्हिंकोलीत पुरला, हृदय त्याच्या इच्छेनुसार कूसच्या आश्रमाच्या चॅपेलमध्ये. ३३ वृद्धांसाठी बांधलेला तो आश्रम, त्याचा ग्रंथसंग्रह आणि द्राक्षमळे आजही आहेत.

त्याच्या मागे ब्रिक्सनला काय झालं तेही पाहून ठेवा, कारण अभ्यासक सहसा त्याच्या मृत्यूपाशी थांबतात. मंडळाने आपल्यातलाच गेओर्ग गोल्झर निवडला. त्याला रोमची मान्यता मिळायला १४७१ उजाडलं, पण तो टिकला. १४८५ मध्ये इन्सब्रुकला हाइनरिख क्रामर चेटकिणींचे खटले चालवायला आला, तेव्हा याच गोल्झरने खटला बंद पडू दिला आणि क्रामरला मुलखातून निघून जायला सांगितलं. मंडळाने निवडलेला, ड्यूकशी जमवून घेणारा बिशप. त्याच्या मुलखात त्याचं म्हणणं चाललं.

सुरुवात कुठून करायची, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. १४३३ चा ग्रंथ हातात घेऊन सुरुवात करू नका. पहिलं प्रकरण ट्रियरच्या १४३० च्या निवडणुकीवर लिहा आणि त्याच्या लगेच शेजारी ब्रिक्सनची १४५० ची निवडणूक ठेवा. उलरिखच्या बाजूने निकोलाउसने मांडलेले मुद्दे आणि व्हीसमायरच्या बाजूने ब्रिक्सनच्या मंडळाने मांडलेले मुद्दे ओळीने ताडून पाहा. मधली २० वर्षं दुसऱ्या प्रकरणात घ्या आणि १४३७ ला त्यात चारपाच पानांहून अधिक जागा देऊ नका. लॅटिन कच्चं असेल तरी अडू नका, त्याच्या आयुष्याशी संबंधित कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर छापली गेली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी जर्मन सारांश दिलेला असतो. ब्रिक्सनच्या हिशेबाच्या वह्या मात्र मुळातून चाळा. किल्लेदारांना किती दिलं आणि कुठून वसूल झालं, हे तिथे नोंदलेलं आहे, आणि १४५७ नंतर बिशपचा हुकूम प्रत्यक्षात कुठवर चालत होता ते त्यातूनच मोजता येईल.